भेग वाढली का बे?

आमचा वरपाह्या कुणाच्याही घरी गेला की आधी छताकडे पाहायचा, माणसांकडे नंतर. हातात कपबशी, मान वर. "काकू, छताचं लाकडी म्याल वाकून राहिलं तुमचं," असं म्हणून तो घरच्यांचा चहा कडू करायचा. त्या खोडीवरूनच सौंदड गावभर हे नाव पडलं.

नागपूरला आर्किटेक्चर शिकताना त्यानं काढलेली चित्रं माझ्याकडे पत्र्याच्या पेटीत आहेत. शाळा असो की दवाखाना, इमारतीभोवती धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पाण्यानं भरलेल्या, निळ्या. एका सरांनी त्या निळ्यावर लाल फुली मारली. 'इमारत काढा, शेत नको.' मार्क गेले. गडी मुळात भित्रा. त्यानंतर त्यानं पाणी काढणंच सोडलं.

पहिलं काम गावच्या अभ्यासिकेचं मिळालं. जागा पाहिली ती भर उन्हाळ्यात, बांध्या कोरड्या असताना. नकाशा देखणा झाला, पाया उथळ राहिला. पावसाळ्यात धानाच्या रोवणीला मागच्या बांधीत पाणी चढलं आणि भिंतीला भेग पडली. त्याचे बाबा म्हणाले, "धानवाल्याचा पोरगा, अन् पाणीच इसरला?" दोन दिवस तो जेवला नाही.

पुढं कॅनडात नोकरी लागली. निघताना त्यानं भेगेच्या टोकाला पेन्सिलीनं रेघ मारली आणि अभ्यासिकेची किल्ली माझ्या हातात दिली. "याच्या वर गेली तं मले सांगजो." तेव्हापासून दर रविवारी फोन. खुशाली नंतर, आधी "भेग वाढली का बे?" मी त्याला चिडवायचो, पण शनिवारीच जाऊन रेघ पाहून यायचो.

यंदाच्या रोवणीत भेग रेघेच्या चार बोटं वर गेली. रविवारी मी सांगितलं, "नाही बे, तेवढीच हाय." एवढ्या लांब त्याचा जीव कशाला टांगणीला लावायचा, असं वाटलं. पण भरतीची तयारी करणारी पोरं त्याच भिंतीला टेकून वाचत होती. तासाभरात मीच उलट फोन करून खरं सांगितलं.

"काऊन खोटं बोलला?" त्यानं विचारलं. मला फार लाज वाटली. मग म्हणाला, "पोरायले आत्ता बाहेर काढ. कुलूप लाव. मी येऊन राहिलो."

परवा तो आला. बॅग माझ्या हातात कोंबली, बूट काढले आणि वर एकदाही न पाहता भिंतीमागच्या बांधीत उतरला. भिंत अंगावर येईल म्हणून मी ओरडत होतो. तो गुडघाभर चिखलात वाकून पाया चाचपत राहिला.

"पेटीतला तो फुलीवाला कागद आण बे," तो म्हणाला. "पाणी तं मी पहिलेच बरोबर काढलं होतं."