मूळचं कुलूप

रॉकेलचा वास आला की मला बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग आठवतं. वडिलांनी हौसेनं जपलेली जुनी, लाल, दोन सीटची स्पोर्ट्‌स कार तिथं उभी असायची. एका सकाळी तिचं दार त्यांना उघडेना. कुलूप जाम झालंय म्हणून त्यांनी किल्लीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "काका, नवीनच टाकू ना." वडील उसळले, "अहो, कंपनीतून आलेलं मूळचं कुलूप आहे ते! किल्लीवरचा नंबर आतल्या नंबराशी जुळवा, मग बोला." त्यानं कुलूप काढलं. नंबर तोच होता. रॉकेलमध्ये धुऊन, तेल घालून त्यानं ते परत बसवलं. किल्ली त्याच्या हातात अलगद फिरली, माझ्याही फिरली. वडिलांनी घेतली, तर फिरेना. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, तशी बोटं थरथरू लागली. किल्लीवाला खाली बघत म्हणाला, "अजून जरा तेल लागेल, काका." वडील किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "तू उघड." पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. आता गाडी मी चालवते. त्यांना उतरवायला बाहेरून दार उघडते, तेव्हा आम्ही दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळतो.