रामण्णांचा रिकामा पडदा

रामण्णा बाहुलीवाले यांची माझी पहिली भेट म्हणजे माझा पराभव होता. संस्थानाच्या विलीनीकरणानंतरचा उन्हाळा. लोहाऱ्याजवळच्या एका गावात मी विहिरीवरच्या शिवाशिवीविरुद्ध दीड तास बोललो. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी वेशीबाहेरच्या सोनाबाई तशाच रिकामी घागर घेऊन विहिरीपासून लांब, कुणीतरी पाणी वाढेल म्हणून उन्हात बसलेल्या होत्या.

रामण्णा तेव्हा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ घेऊन त्याच गावात आले होते. माझे भाषण टकल्याच्या तोंडी घाला, असे मी त्यांना विनवले. टकल्या म्हणजे त्यांच्या खेळातला ढेरपोट्या, वात्रट गडी. त्यांनी कागद परत दिला.

"गुरुजी, टकल्या शानपन शिकवाया लागला तर लोक उठून जातील. त्यो खोड्या काढतो म्हनून ऐकत्यात."

टकल्याला ते देवांच्या बाहुल्यांच्या गठ्ठ्यात बांधत नाहीत. "भांडत्यात," म्हणाले. मी हसलो.

दिवेलागणीला खेळ लागला. टकल्याने पुढे बसलेल्या पाटलांनाच गाठले. "पाटील, पोट पुढं, अक्कल मागं, मधी मानूस कुठं हाय?"

"आरं, तुझ्या तर पोटात बी वारंच हाय!" पाटील खदखदले. बायकांनी तोंडाला पदर लावले.

मग रामण्णांनी टकल्याला पडद्याच्या कडेला अडकवले आणि मला म्हणाले, "पडद्यामागली बत्ती घ्या, लोकांच्या पार मागं जाऊन हुबं ऱ्हावा."

सर्वांत मागे वेशीबाहेरची माणसे बसली होती. त्यांच्या पाठीशी मी गॅसबत्ती धरली आणि रिकाम्या पडद्यावर अख्खे गाव काळे होऊन उभे राहिले. मागच्यांच्या सावल्या सर्वांत मोठ्या. सोनाबाईंची सावली पाटलांच्या फेट्यावरून पुढे गेली होती.

"पाटील," टकल्याचा आवाज आला, "यातली इटाळाची कंची? तेवढी येगळी काढा."

लोक हात हलवून आपापली सावली शोधू लागले; सगळ्या एकमेकींत मिसळलेल्या, सापडेना. अंगावरची सावली चुकवायला पाटील सरकले, तर तिथेही सावलीच.

रामण्णा पडद्याशेजारी उभे होते. त्यांचे ओठ मिटलेले होते. टकल्याला कुणाचा हात नव्हता, तरी त्याचा जबडा हलत होता. वारा असेल. भुताखेतांविरुद्ध मी आयुष्यभर बोलत आलो आहे. पण त्या वेळी टकल्यामागे कुणी उभे आहे का, ते मी दोनदा पाहिले, हे या गौरवग्रंथात कबूल करतो.

नंतर मी रामण्णांना विचारले, "कोण बोललं?"

"तुमीच बोलला असाल. तुमाला सवय हाय, गुरुजी."

सकाळी विहिरीवर वेशीबाहेरच्यांना अडवणारा पाटलांचा माणूस नव्हता. सोनाबाईंनी स्वतःच्या हाताने पोहरा सोडला. त्या गावाने रामण्णांना पुन्हा खेळाला बोलावले नाही. त्यांनी ते कधी बोलून दाखवले नाही.

झिजलेली बाहुली ते तेरणा नदीच्या पाण्यात सोडतात. टकल्याच्या कडा कधीच विरल्या आहेत, तरी त्याला ते सोडत नाहीत. "अजून लई इहिरी ऱ्हायल्यात," एवढेच ते म्हणतात.

रामण्णांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. इतके दीर्घ, की एक दिवस टकल्याला काम उरू नये आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी त्याला तेरणेत सोडावे. तेव्हा मी काठावर असेन. त्याने काही बोलू नये, एवढीच माझी इच्छा.