वातीपासून किती लांब

“ही पोरगी राखण करतीय का पाहुणीला वाट देतीय?”

मैदानाच्या कडेला पाण्याच्या जारवर बसून आमच्या शाळेच्या बसमावशी ड्रायव्हरकाकांना विचारत होत्या. पोरगी म्हणजे मी. पाहुणी म्हणजे समोरच्या संघाची फॉरवर्ड, जी माझ्यापासून पाच-सहा पावलांवरून निवांत पुढे गेली आणि गोल करून आली. मी डिफेन्सला होते. कुणाच्या फार जवळ जाणं मला वर्गातही जमत नसे, मैदानावर कुठून जमणार? चुकून धक्का लागला तर मी सॉरी म्हणायचे.

आमची शाळा लोहारा तालुक्यातली, इंग्रजी माध्यमाची. खेळाच्या सरांकडे शिट्टी होती आणि मोबाइलवर परदेशातले सामने. “मार्क हर, मार्क हर,” असं ते ओरडत. म्हणजे नेमकं किती जवळ उभं राहायचं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. बहुधा त्यांनाही ठाऊक नसावं. मुलींबरोबर एक बाई हवी, म्हणून मावशींना पाठवत. त्या सोबत घरचा लसूण आणत आणि सामना संपेपर्यंत सोलत बसत.

मी कुणाशी फारसं बोलत नसे, म्हणून त्यांनी माझं नाव मुकाबाई ठेवलं होतं. त्या दिवशी बसमध्ये चढताना त्यांनी माझा दंड धरला. “मुकाबाई, सुतळी बाँब पेटवल्यावर किती मागं सरतीस?”

मी हात पसरून दाखवलं.

“तेवढंच. लई जवळ गेलीस तर तोंड भाजंल. लई लांब ऱ्हायलीस तर इझला का फुटणार, ते कळत न्हाय. आन् तिच्या तोंडाकडं बघू नको. वात पायात असती.”

मावशींचं माहेर तेरखेड्याचं. लग्नाआधी त्यांनी फटाक्यांच्या कारखान्यात वाती वळल्या होत्या. फुटबॉलबद्दल त्यांना एवढंच कळत होतं, आणि ते सरांपेक्षा जास्त होतं. पुढच्या सामन्यात मी पाय बघत, तेवढ्याच अंतरावर चिकटून राहिले. अर्ध्या तासात समोरच्या मुलीनं मला एक सणसणीत शिवी दिली.

“आता बरोबर उभी ऱ्हायलीस,” मावशी कडेवरून म्हणाल्या.

बसमध्येही त्यांचं हेच चाले. उलटी करणारा आणि नवा गणवेश यांच्यात तीन सीटा. भांडखोर भाऊ एकाच सीटवर, कारण “लांब बसवलं की डबे फेकून मारत्यात.” प्रेमात पडलेले नववीतले दोघं एकमेकांच्या बरोबर मागेपुढे, बोलता येईल, पण मान दुखेल. मुख्याध्यापिकाबाईंनी काढलेला बैठकीचा छापील तक्ता त्यांनी बसच्या मागच्या फुटक्या काचेला चिकटवला होता. वारं येत नव्हतं, उपयोगाचा होता.

आता त्या माकणीला घरीच असतात आणि मी लातूरला हॉस्टेलवर. मेसच्या रांगेत कुणी फार जवळ आलं की मी अजून आधी पाय बघते. फोन केला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “बोलतीस का कुणाशी, का अजून तसंच?”

हा प्रश्न त्या विचारतात, त्याला कारण आहे.

तालुक्याचा शेवटचा सामना होता. जिंकलो तर जिल्ह्याला, धाराशिवला. एक-एक अशी बरोबरी होती आणि आम्हाला फ्री किक मिळाली. ती मारायचं काम माझ्याकडे होतं. समोरच्या पोरी चार पावलांवर भिंत करून उभ्या राहिल्या. नियमानं त्या दहा पावलं लांब हव्यात. पण रेफरीचं लक्ष नसेल तर किक मारणारीनं ते अंतर मागायचं असतं. मागितल्याशिवाय कुणी हलत नाही. रेफरी दुसरीकडेच बघत होता. मी मावशींकडे बघितलं.

मावशींनी मांडीवरचा लसूण खाली ठेवला. चपला काढल्या. साडी उचलून, फक्कीची पांढरी रेघ पुसू नये अशी जपून ओलांडून आत आल्या आणि चेंडूपासून पावलं टाकायला लागल्या. “येक, दोन, तीन...” भिंत आली तेव्हा त्यांच्या कॅप्टनला खांद्याला धरून म्हणाल्या, “सरक माय, तुझ्याच तोंडावर बसंल.” भिंत सरकली. रेफरी धावत आला आणि काही सुचेना म्हणून त्यानं त्यांना पिवळं कार्ड दाखवलं.

“पिवळं म्हंजे जाऊ का थांबू?” मावशींनी विचारलं.

माझी किक सोयाबीनच्या रानात गेली. नंतर कुणाच्या तरी गुडघ्याला लागून गोल झाला आणि आम्ही जिंकलो.

सोमवारी समोरच्या शाळेचं तक्रारीचं पत्र आलं. मुख्याध्यापिकाबाईंनी आमच्या संघाला, सरांना आणि मावशींना खोलीत बोलावलं. उद्यापासून बसवर दुसरी बाई येईल, असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं. मग मावशींना ते मराठीत सांगितलं, आणि मराठीत ते फारच लवकर संपलं.

“तुम्हाला मैदानात बोलावलं कुणी?” बाईंनी विचारलं.

सर पंख्याकडे बघत होते. कोणत्याही क्षणी मावशी माझं नाव घेतील, असं मला वाटलं.

“कुणी न्हाय मॅडम,” मावशी म्हणाल्या. “माझं मलाच ऱ्हावलं न्हाय.”

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या खोलीत आम्हा मुलींना मराठी बोलायला मनाई होती, म्हणून मी मनात एक इंग्रजी वाक्य जुळवायला घेतलं. ते अर्धं जुळलं तोवर मावशी दाराकडे वळल्या होत्या.

“मॅडम, अंतर मागायचं काम माझं होतं,” मी मराठीतच म्हणाले. “मी तोंड उघडलं नाही, म्हणून त्या आत आल्या. आणि पावलं बरोबर दहाच होती. मी मोजली आहेत.”