सोमवारचा पाऊस

जायलोसी माक्विंजा यांनी एकोणीस वर्षांत पावसाचं एकही माप चुकवलं नव्हतं. चिल्वा सरोवराकाठच्या त्यांच्या गावात लग्न असो की मयत, सकाळी आठला ते अंगणातल्या खांबापाशी हजर. खांबावरच्या पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा आणि फोनवरून शहरातल्या कचेरीला कळवायचा. सासरे वारले त्या दिवशीही त्यांनी आधी मोजलं आणि मग रडले. त्यांची बायको एनिफा हे अजून ऐकवायची.

एका ऑगस्टमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन कोरड्या दिवसांत, डॉ. तियामिके नावाची तरुण संशोधक लॅपटॉप घेऊन आली.

"बाबा, तुमच्या नोंदी मी कॉम्प्युटरच्या मॉडेलमध्ये घातल्या," ती म्हणाली. "हवामान बदलत चाललंय. चाळीस वर्षांनी कुठे किती पाऊस पडेल, किती मका होईल, ते हे मॉडेल हिशेब करून सांगतं."

पडद्यावर अख्खा जिल्हा शेंगांच्या टरफलांसारखा तपकिरी होता. मधोमध एकच निळा ठिपका.

"हे तुमचं गाव. बाकी सगळीकडे पाऊस घटणार, इथे वाढणार. तोही कोरड्या महिन्यांत. आणि..." ती जरा घुटमळली, "फक्त सोमवारी."

गावप्रमुख चिपोला यांनी एवढ्यातलं 'वाढणार' तेवढं ऐकलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मका सोडून भात लावायचं जाहीर केलं. तीन घरांनी नाकारलेल्या त्यांच्या भाच्याला आठवड्यात दोन स्थळं सांगून आली.

तियामिके मात्र सोमवारपर्यंत थांबली. त्या सकाळी ती स्टूल टाकून अंगणात बसली. आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. थोड्या वेळाने एनिफा सोमवारच्या धुण्याचं घमेलं घेऊन आली आणि दोन घोंगड्या नि चार कपडे अर्धवट पिळून दोरीवर टाकले. दोरीचं एक टोक पर्जन्यमापकाच्या खांबाला होतं. घोंगडीचं पाणी थेंबाथेंबाने थेट मापकात पडू लागलं.

तियामिके उठून खांबापाशी गेली.

"ही दोरी कधीपासून आहे?" तियामिकेने विचारलं.

"झाली चार वर्षं," एनिफा म्हणाली. "अंगणात सरळ उभा असा हा एकच खांब. ह्यांनीच बांधून दिली."

"बाबा, आभाळ कोरडं आणि मापात चार मिलिमीटर. शंका नाही आली?"

"आली की," जायलोसी म्हणाले. "पण मापात दिसेल ते लिहायचं, आपली अक्कल घालायची नाही, असं शिकवलं होतं. मला वाटलं, दुपारी माझा डोळा लागतो तेव्हा पडून जात असेल."

"मला विचारायचं होतं," एनिफा म्हणाली.

"तुला पावसातलं काय कळतं?"

"चार वर्षं पाडतेय मी तो."

चिपोलांना हे कळलं तेव्हा ते धावत आले. "डॉक्टरबाई, घरटी एकेक घोंगडी इथे वाळत घातली तर?"

"नकाशा निळा होईल," तियामिके म्हणाली. "शेत नाही होणार."

जायलोसींनी मान खाली घालून वही तिच्या हातात दिली. "दुसरा माणूस बघा. मी घोंगड्या मोजत बसलो."

तिने वही परत केली. "शेजारच्या गावातल्या मोजणाऱ्याने तर न मोजताच वहीत तीन वर्षं तेच ते आकडे उतरवून काढलेत. तुमचा आकडा खरा होता, बाबा. पाऊस तेवढा खोटा होता."

सोमवार वगळून तिने मॉडेल पुन्हा चालवलं आणि ठिपका तपकिरी झाला. चिपोला दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. मग त्यांनीच बैठक बोलावली, आणि निम्म्या शेतात कमी पाण्यावर येणारी ज्वारी लावायचं ठरलं. एक स्थळ परत गेलं. दुसऱ्या मुलीने नकाशा पाहिलाच नव्हता.

पुढच्या आठवड्यात दोरी आंब्याच्या झाडाला गेली. मंगळवारी जायलोसींनी वहीत शून्य लिहिलं.

"आज किती?" एनिफाने विचारलं.

"काही नाही."

"मग कळवताय कशाला?"

"काही नाही, हेसुद्धा कळवावं लागतं," असं म्हणून ते फोन घेऊन निघाले आणि जिथे रेंज मिळते त्या उंच वारुळावर चढले.