नाकाबंदी उठल्याचा संदेश

गाभण म्हशीच्या चोरीचा तो गुन्हा आजही जसाच्या तसा आठवतो. नातवंडं म्हणतात, "आजी, खुनाची केस सांग की!" सांगेन, पण आधी म्हैस.

मी कोल्हापूरजवळच्या एका ठाण्याची प्रभारी होते. गाड्यांत नवे डिजिटल वायरलेस सेट बसले होते. बटण दाबायचं, बारीक 'टिक' ऐकायची, मग साध्या आवाजात बोलायचं. पण आमच्या बाईसाहेब, म्हणजे मीच, टिकच्या आधीच सुरू व्हायच्या आणि बोलायच्या अशा, की सेट नसता तरी चाललं असतं. ड्रायव्हर हवालदार म्हणायचे, "मॅडम, गडहिंग्लजला थेट ऐकू गेलं बघा." मला ते कौतुकच वाटायचं!

गडमुडशिंगीची एक बाई फिर्याद घेऊन आली. माळावरची म्हैस भरदुपारी टेम्पोत घालून नेली होती. "चार-दोन दिसांत व्याणार हाय वो. वाटंत व्याली तर दोन्ही जीव जातील."

गुन्हा नोंदवला, कर्नाटकच्या रस्त्यांवर नाकाबंदी लावली. टेम्पो सापडेना. सकाळी खबऱ्यानं कळवलं, गडहिंग्लजच्या बाजारात जनावरांचा एक दलाल गाभण म्हशीला गिऱ्हाईक शोधतोय. खबऱ्याचं नाव फुटू नये म्हणून त्याला मागच्या दारानं आणला.

"मला काय बी ठावं न्हाय," दलाल म्हणाला. मी टेबल आपटलं, ओरडले. त्याचं तेच पालुपद. मग चहा मागवला आणि सहज विचारलं, "पावणं, पहिलारू म्हैस व्यायला किती वेळ घेते हो?"

"पहिलारू कुठली? दोनदा व्याल्याली, तिसऱ्या येताची हाय की ती!"

बोलून गेला आणि कपाळाला हात लावला. माणूस गुन्हा लपवतो, जाणकारी लपवत नाही. मग सगळंच बाहेर आलं. म्हैस नाक्यांच्या अलीकडेच कुठंतरी उसात लपवली होती, जागा त्यालाही माहीत नव्हती. नाकाबंदी उठली की टेम्पो निघणार होता.

"उठली हे त्यांना कळणार कसं?"

"तुमीच सांगता की बाईसाहेब! समोरच्या चहाच्या गाड्यावर आमचा माणूस बसतोय. तुमच्या गाडीचा स्पीकर तिथवर ऐकू येतोय."

हवालदार छताकडं बघू लागले. "उचलू का त्याला?"

"चहा पिऊ दे."

गाडी ठाण्यामागं घेतली, काचा वर केल्या. या सेटवर एकाच गाडीला कॉल करता येतो, बाकी कुणाला ऐकू जात नाही. नाक्यावरच्या एकेका गाडीला कॉल लावला आणि टिकनंतर हळू आवाजात बोलले. "आता नाकाबंदी उठल्याचा संदेश येईल. हलायचं नाही. आडोशाला थांबा."

पलीकडून शंका आली, "मॅडमच ना? आवाज ओळखू येईना."

"स्क्रीनवर माझ्या गाडीचा नंबर दिसतोय? मग मीच."

मग गाडी नेहमीच्या जागी लावली, काचा खाली, आणि सर्वांना एकदम कॉल. टिकची वाट पाहिली आणि छाती भरून ओरडले, "नाकाबंदी उठवली! सगळ्यांनी जोतिबाच्या बंदोबस्ताला निघा. ओव्हर!" समोरच्यानं कप ठेवला, फोन कानाला लावला.

दुपारी गडहिंग्लज रस्त्यावर टेम्पो अडवला. म्हैस धडधाकट होती. चहाच्या गाड्यावरच्या त्या पावण्यालाही बोलावून घेतलं.

हुकूम सोडताना काय सांगायचं एवढंच नव्हे, कुणाला ऐकू जाऊ द्यायचं हेही ठरवावं लागतं, हे मी त्या दिवशी शिकले.

म्हैस घरच्या गोठ्यात व्याली. रेडी झाली. त्या बाईनं रेडीचं नाव ठेवलं 'फौजदारीण', आणि पुढं तीही दूध देऊ लागली. प्रशस्तिपत्रकं कपाटात पुष्कळ आहेत माझ्या. पण आपल्या हुद्द्याच्या नावाची दुभती म्हैस असलेला दुसरा अधिकारी अख्ख्या जिल्ह्यात कुणी दाखवावा!