गच्चीच्या गळतीची अंगाई

आमच्या मुलुंडच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका जिन्यात दिसले की लोक लिफ्टकडे पळतात. गच्चीच्या गळतीवर बोलायला लागले की काका थांबतच नाहीत. एकच सूर, आणि दर वाक्याआधी "आता मुद्दा असा की..." सभेत त्यांचा गच्चीचा ठराव दरवर्षी पडतो.

त्या दुपारी ते आमच्या तान्ह्या लेकीच्या रडण्याची तक्रार घेऊन आले. जागून जागून आमची दोघांची पार वाट लागली होती. बसल्या बसल्या काका सवयीने गळतीवर घसरले. वॉटरप्रूफिंगपर्यंत पोचले, तोच पोरीने जांभई दिली आणि चक्क झोपली! काका ओशाळून उठायला लागले, तर बायकोने हातच जोडले, "काका, थांबू नका ना, प्लीज!"

आता ते रोज दुपारी येतात. पोरीबरोबर आम्हीही गाढ झोपतो. काल मला अर्धवट जाग आली, तेव्हा काका पाळण्यावर वाकून पुटपुटत होते, "आता मुद्दा असा की, गच्चीचं काम यंदाच करायचं. मान्य असेल त्यांनी हात वर करावा."

पोरीने झोपेतच दचकून दोन्ही हात वर केले.

"मंजूर!" काका आनंदाने असे ओरडले, की अख्खं घर जागं झालं.