प्रवचनाची पाठ

मान देण्यात आपल्या लोकांचा हात कोणी धरणार नाही. वाचा म्हटलं की सगळ्यांना कामं आठवतात, हार घाला म्हटलं की सगळे हजर. हे मी रागाने लिहितोय आणि तो राग अजून उतरलेला नाही.

पनवेलच्या आमच्या चर्चमध्ये एक निवृत्त फादर राहत. वसईकडच्या एका कुटुंबाने घर मोकळं करताना त्यांना आठ पानांची चोपडी दिली. छपाई नुकती सुरू झाली त्या काळातलं लॅटिन प्रवचन होतं ते, एका हुतात्मा मुलीच्या सणाला दिलेलं. फादरांना काचबिंदूने जवळजवळ दिसेनासं झालं होतं. मी तरुणपणी फादर व्हायला सेमिनरीत जाऊन चार वर्षं लॅटिन घोकून पळून आलेला, आता करंजाड्याला संसार थाटून बसलेला. पळपुट्याचा तेवढाच उपयोग, म्हणून दर रविवारी दुपारी वाचून दाखवायचो. त्या छपाईत अक्षरं गाळून वर नुसती रेघ मारलेली, त्यामुळे तासाभरात अर्धं पानही सरकत नसे. फादरांची एकच इच्छा होती, हे प्रवचन शेवटपर्यंत ऐकायचं.

तिसऱ्या पानाच्या पुढच्या बाजूला, अगदी तळाशी, न्यायाधीश त्या मुलीला विचारतो, "तुझ्या बाजूने इथे कोण उभं आहे?" मग "ती म्हणाली" एवढ्यावर ती बाजू संपते. मी पान उलटणार तोच फादर म्हणाले, "थांब. उत्तर पुढच्या रविवारी. आठवडाभर मला विचार करू दे."

त्याच आठवड्यात त्यांच्या गुरुदीक्षेला पन्नास वर्षं झाली. चर्चच्या कमिटीने त्यांच्यासाठी गुपचूप भेट तयार केली. चोपडीचे टाके उसवून आठही पानं प्लायवूडवर चिकटवली, वर काच, कडेने सोनेरी पट्टी आणि झेंडूचा हार!

"अहो, पानाला दोन बाजू असतात!" मी समारंभातच ओरडलो.

"सर, आता खराब तरी होणार नाही," सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले. जणू मीच लहान मूल.

बाजारातल्या फ्रेमवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "फोटोच्या पाटीमागं कोन बगतं? डिंक असा लावलाय, जन्मात नाय निघायचा." त्याचा काय दोष? तो आयुष्यभर देवांचे फोटो मढवत आला होता. हे वाचायचं असतं, असं त्याला एकाही शिकलेल्या माणसाने सांगितलं नव्हतं. झेरॉक्ससाठी पालथं दाबलं तर पानं सुटतील या भीतीने मी प्रत काढली नव्हती, तो मात्र माझाच गाढवपणा.

रविवारी गेलो. फादरांनी विचारलं, "काच काढून आणलंस ना? मग, काय म्हणाली ती?"

मला खरं सांगवेना. मी उत्तर रचलं. "ती म्हणाली, माझ्या बाजूने जो उभा आहे तो तुम्हाला दिसत नाही, म्हणून त्याची साक्षीदार मी."

फादर हरखले. पुन्हा एकदा म्हणायला लावलं. डोळे मिटून मान डोलावली. मग म्हणाले, "फार सुंदर. आता मूळ लॅटिन वाच, सावकाश. मला पाठ करायचंय."

ते वाट बघत राहिले.